एका ओळीत नाही मावत, मंदे

इंदिरानगर, नाशिक
रविवार, दुपार

प्रिय मंदे,

तुझा मेसेज वाचला. "किचनला किती आले गं? एका ओळीत कळव." एका ओळीत हवं असेल तर घे: २,८६,०००. पण एवढाच आकडा घेऊन तू दुकानाची पायरी चढलीस तर ते तुला सोलून काढतील, म्हणून पत्र लिहायला बसले. ह्यांची मॅच चालू आहे, तीन तास मला कुणी चहा मागणार नाही.

आम्ही दीड लाख धरले होते. जुना कडाप्प्याचा ओटा, त्याखाली २००४ सालच्या स्टीलच्या ट्रॉल्या, तुला आठवत असतील. कुकरची ट्रॉली ओढली की सासूबाई आतल्या खोलीतून विचारायच्या, "काय पडलं गं?" सिंकखालचं दार तर दोन वर्षं सुतळीने बांधलेलं होतं. मग एकदाचं मनावर घेतलं आणि गंगापूर रोडवरच्या एका चकचकीत शोरूममध्ये गेलो. गेल्या गेल्या कॉफी. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तिथल्या मुलाने भिंती विचारल्या. एक दहा फुटांची, दुसरी आठ. म्हणजे अठरा रनिंग फूट (नुसती लांबी मोजायची), फुटाला भाव ९,५००, झाले १,७१,०००. हे खूश. म्हणाले, "बघ, दीड लाखाच्या आसपासच आहे." मला मात्र रात्रभर तो अठराचा आकडा टोचत राहिला. सकाळी शिवणाची टेप काढली आणि ओट्याला लावली. अगं, ओटा एल आकाराचा, रुंदी दोन फूट. कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन त्याने दहातही धरला आणि आठातही धरला. खरं माप सोळा! नसलेल्या दोन फुटांचे १९,००० रुपये. ब्लाऊजच्या कापडात वीतभर जास्त लागलं तर आपण शिंप्याशी भांडतो, आणि इथे कॉफी पिऊन मान डोलावून आलो. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, सिस्टिमच तसं घेते."

आणि त्या १,७१,००० मध्ये काय नव्हतं? वरची कपाटं नव्हती, ग्रॅनाइट नव्हता, सिंक, नळ, चिमणी, टाइल्स, तोडफोड, प्लंबर, वायरमन, काही म्हणजे काही नव्हतं. कागदाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत "एक्स्ट्रा" लिहिलेलं. वरची कपाटं आणि चार चांगले ड्रॉवर धरून आकडा ३,४०,००० वर गेला, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६१,२००. चार लाखांच्या पुढे, आणि त्यातही ओटा आमचा आम्हीच करायचा!

मग आणखी दोघांना विचारलं. शोरूमचा भाव रनिंग फुटाने, दुसऱ्याचा चौरस फुटाने, आणि तिसरा आमच्या ओळखीचा मिस्त्री, त्याचा भाव म्हणजे "होऊन जाईल वहिनी". यांची तुलना करायची कशी? खालच्या कपाटाची उंची अडीच फूट धर. म्हणजे एक रनिंग फूट बरोबर अडीच चौरस फूट. एवढा एक हिशेब मनात ठेवलास की निम्म्या दुकानदारांचं बोलणं आपोआप मऊ होतं.

आता प्लायची गंमत ऐक. सगळेच सांगतात "मरीन आहे, वॉटरप्रूफ आहे". मी शोरूमवाल्याकडून आणि मिस्त्रीकडून हातभर... नाही, तळहाताएवढे तुकडे मागून आणले, पेनने खुणा केल्या आणि जुन्या पातेल्यात उकळायला ठेवले. सासूबाईंनी झाकण उचलून पाहिलं आणि काही न बोलता परत ठेवलं. संध्याकाळपर्यंत शोरूमचा तुकडा चक्क फुगून भुसा झाला. तो प्लाय नव्हताच, पार्टिकल बोर्ड होतं. मिस्त्रीच्या पहिल्या तुकड्याचे पदर खारीसारखे सुटले. दुसरा, जरा महागाचा, तसाच्या तसा राहिला. त्या प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे खऱ्या मरीन प्लायच्या सरकारी मानकाचा, शिक्का असतो. त्या प्रतीची चाचणीच मुळी ७२ तास उकळून घेतात, मी जेमतेम सहा तास उकळला. सगळीकडे ७१० लावायची गरज नाही गं. सिंकखाली आणि ओट्याखाली तोच घे, वरच्या कपाटांना साधा चालतो. आम्ही काम मिस्त्रीलाच दिलं आणि तसंच केलं. प्लाय, सनमायका आणि मजुरी मिळून १,३२,००० झाले.

खरा खिसा कापला जातो तो हार्डवेअरमध्ये. आमचे बिजागऱ्या, ड्रॉवर, बास्केट मिळून ५४,००० गेले. हळूच मिटणारा ड्रॉवर दुकानात दहा वेळा उघडून मिटून बघावासा वाटतो, तिथेच आपण फसतो. ते बाटल्यांचं अरुंद खेचकपाट घेऊ नकोस. माझ्या त्यात तेलाची एक बाटली आणि सोयाबीनच्या वड्यांचं पाकीट आहे. त्यापेक्षा ओट्याखाली खोल ड्रॉवर दोन जास्त घे. आणि बास्केटला लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४ स्टील" असं कुणी दाखवलं तर हसून सोड. २०२ या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि ते सिंकखालच्या ओलीत गंजतं. बिलावर ३०४ लिहून घे.

बिल म्हणताना आठवलं. "बिल पाहिजे का?" हा प्रश्न तुला जागोजागी ऐकू येईल. आम्ही हार्डवेअरचं आणि चिमणीचं पक्कं बिल घेतलं, बरं झालं. चिमणीची मोटर दुसऱ्याच महिन्यात बसली, बिल होतं म्हणून फुकटात बदलून मिळाली.

मंदे, ही मॉड्युलर किचनं कुणाच्या स्वयंपाकासाठी काढली असतील असा मला राहून राहून प्रश्न पडतो. चित्रात कायम तीन हिरवी सफरचंदं आणि एक रिकामा काचेचा बाऊल. गव्हाची कोठी कुठे? कुरडया-पापडांचे डबे कुठे? मुलगी म्हणाली, "आई, वर्षाचं धान्य आता कोण भरतं?" आपण भरतो! मिस्त्रीला बसवून आधी कोठी मोजली, तिच्या मापाने कपाट केलं, तळाची फळी न लावता कोठी सरळ फरशीवर. सिलिंडरच्या दारालाही खाली जाळी करून घेतली, कारण गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. ओट्याची उंची मात्र मी हट्टाने ठरवली. सगळे ३४ इंच म्हणत होते, मी पाच फुटांची. कोपर वाकवून उभी राहिले, त्याच्या चार इंच खाली खूण केली, ३२ वर आली. आता पोळ्या लाटताना खांदा दुखत नाही.

इतकी मापं घेतली आणि परात विसरले. आईची, भांडी बाजारातली, पितळेची. वीस इंचांची. ड्रॉवर आतून एकोणीस. आता ती फ्रिजवर असते आणि कणीक मळायची म्हणजे ह्यांना हाक मारावी लागते.

वेळेचं विचारूच नकोस. तीन आठवडे म्हणाले, सात लागले. चूक आमचीही, भर पावसाळ्यात काम काढलं. सनमायका चिकटून वाळता वाळेना, मध्येच सुतार गावी गेले. पहिल्या आठवड्यात रोज बाहेर मिसळ म्हणून सगळे मजेत, तिसऱ्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मला नुसता वरणभात दे गं कुणीतरी." मग गॅलरीत शेगडी मांडली. बाहेरच्या खाण्याचे नऊ-दहा हजार मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत, ह्यांना सांगू नकोस.

पैसे देताना शेवटचे दहा टक्के हातात ठेव. मी ठेवले होते, म्हणून मिस्त्री वाकडं दार सरळ करायला तीनदा आला. सगळे दिले असते तर फोनही उचलला नसता.

तुझ्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने ग्रॅनाइटचा ओटा करून दिलाय म्हणालीस ना? तो फोडू नकोस! आमचे ग्रॅनाइट, टाइल्स आणि गवंडी मिळून ५८,५०० गेले, शिवाय मलबा तिसऱ्या मजल्यावरून पाठीवर उतरवला, कारण सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही. तुझा हा सगळा खर्च वाचतो. नुसती खालची कपाटं कर, वरची दिवाळीनंतर बघू.

पुढच्या शनिवारी येते टेप घेऊन. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस. आणि तुझी परात किती इंचांची आहे ते आजच मोजून कळव.

तुझी,
सुली