लॉनवरचा स्टेज पश्चिमेला नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने आटोपली की नागपुरात लॉनवरच्या लग्नांची गर्दी सुरू होते आणि महिनाभराने व्हिडिओ हातात पडला की तक्रारीही. चित्र पांढरट आले, साडीचा रंग उडाला, नवरीच्या गालावर हिरवे-जांभळे ठिपके फिरतात. लेन्सवर थेट प्रखर प्रकाश पडला की असे होते, याला लेन्स फ्लेअर म्हणतात. बोल कॅमेरामनला बसतो, पण बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा डेकोरेशनवाल्याने स्टेजची जागा ठरवली तेव्हाच झालेली असते.

स्टेज लॉनच्या पश्चिम टोकाला असेल तर पाहुण्यांचे आणि कॅमेऱ्याचे तोंड मावळतीकडे होते. डिसेंबरात नागपूरचा सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, तर सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. मे अखेरीस जवळपास तितकाच उत्तरेकडे. शिवाय डिसेंबरात भर दुपारीही तो ४५ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दक्षिणेकडे पाहणारा कॅमेरा दिवसभर अडचणीत. हिवाळ्यात स्टेज उत्तर किंवा ईशान्य टोकाला घ्यावा, म्हणजे सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला राहतो. वधूवरांनी कोणत्या दिशेला तोंड करून बसायचे तो अधिकार गुरुजींचा. इथे प्रश्न फक्त कॅमेऱ्याच्या तोंडाचा आहे.

जागेअभावी पश्चिमेचाच स्टेज घ्यावा लागला तर मागचा पडदा जाड कापडाचा आणि किमान १२ फूट उंच हवा. मावळण्याआधीच्या तासाभरात सूर्य क्षितिजापासून १३ अंशांच्या आत असतो, तेव्हा पाच फूट उंचीवरच्या लेन्सवर अशा पडद्याची सावली ३० फुटांपर्यंत पोचते. डिसेंबरात ती ईशान्येकडे पडते, म्हणून कॅमेऱ्याचा स्टँड स्टेजच्या मध्यासमोर न लावता थोडा उत्तरेकडे सरकवावा. पांढरी जाळी आणि मोकळ्या लोखंडी फ्रेमवर फुले लावण्याची सध्याची पद्धत दिसायला छान आहे, पण ऊन अडवण्याच्या कामी शून्य. उलट उजळलेली जाळी स्वतःच चित्र फिके करते.

हे घडते कसे? काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. परावर्तन कमी करणारा थर, म्हणजे कोटिंग, नसेल तर सुमारे ४ टक्के, चांगले अनेक थरांचे मल्टिकोटिंग असेल तर अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. पण झूम लेन्समध्ये १५-२० काचा असतात आणि सूर्य इतका प्रखर की आतल्या आत उसळलेला तो अंशही सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, उमटतो. त्याची रूपे दोन. एक, सगळ्या चित्रावर पसरणारा धुरकट पडदा; त्यात काळा रंग राखाडी होतो. दुसरे, ठिपक्यांची माळ. ती सूर्यापासून निघून चित्राच्या मध्यातून पलीकडे जाते. ठिपक्यांना कोपरे दिसतात ते लेन्समधल्या प्रकाश सोडणाऱ्या छिद्राच्या, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या पात्यांमुळे.

या धुरकट पडद्याचा इलाज जवळपास बिनखर्चाचा आहे. सूर्य चौकटीबाहेर असताना कॅमेऱ्यासमोर उभे राहून लेन्सची पुढची काच पाहा. तिच्यावर थेट ऊन दिसले की फ्लेअर आलाच. सूर्याच्या बाजूने तळहात आडवा धरून सावली पूर्ण काच झाकेपर्यंत पुढे-मागे करा, मग त्याच जागी स्टँडला क्लॅम्पने काळे कार्डशीट लावा, ते चौकटीत डोकावत नाही एवढे तपासून. पांढरा थर्माकोल नको, तो उलट प्रकाश फेकतो. लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायला बसवतात तो हूड हवाच, पण त्यावर विसंबू नये. बहुतेक झूमचा हूड सर्वात रुंद कोनासाठी कापलेला असतो, त्यामुळे दूरचे जवळ आणणाऱ्या लांब टोकाला तो अपुरा पडतो. आणि बॅगेत ठेवताना उलटा लावलेला हूड तसाच ठेवून शूटिंग करणारे लग्नोलग्नी दिसतात!

सूर्य चौकटीतच असेल तर हूड आणि कार्डशीट दोन्ही निरुपयोगी. तेव्हा त्याला मांडवाच्या खांबाआड, झाडाच्या फांदीआड किंवा नवरदेवाच्या फेट्याआड घ्या. तेही जमत नसेल तर कॅमेरा थोडा वळवून ठिपके चेहऱ्यावरून फुलांच्या सजावटीवर ढकला, तिथे ते खपून जातात. अ‍ॅपर्चर उघडे असेल तर ठिपके मोठे आणि फिके, मिटलेले असेल तर लहान आणि रेखीव. मुद्दाम आणलेला फ्लेअर वाईट नाही. पण सप्तपदीत तो चेहरा खाऊन टाकतो, तिथे हौस आवरावी.

लेन्सपुढे लावायच्या जादा काचेचे, म्हणजे फिल्टरचे, दुखणे वेगळे. भारतात सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवतात. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला त्यासाठी एफ २२, म्हणजे अगदी मिटलेले छिद्र, लागते. एफ २.८ एवढे उघडे छिद्र हवे असेल तर प्रकाश सहा वेळा निम्मा करावा लागतो (सहा स्टॉप), म्हणजे एनडी ६४ हा प्रकाश घटवणारा काळसर फिल्टर लावावा लागतो. लेन्सवर आधीच यूव्ही फिल्टर (संरक्षणासाठीची साधी काच) असेल तर एनडी त्यावर चढवू नका, आधी यूव्ही काढा. प्रत्येक जादा काच दोन पृष्ठभाग वाढवते. फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या व्हेरिएबल एनडीमध्ये तर पोलरायझरच्या दोन काचा असतात, त्यामुळे स्वस्तातला घेतला की फ्लेअर घरी आणलाच. काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसेही धुरकटपणा वाढवतात. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच मऊ कापडाने पुसा. धुळीसकट पुसले तर कोटिंगवर ओरखडे येतात.

फुटाळा तलावावर मावळतीकडे मोबाइल धरणाऱ्यांनी कॅमेऱ्यावर चिकटवलेली संरक्षक काच आधी काढावी. निम्मी कटकट तिथेच संपते.

एडिटिंगमध्ये काळा रंग खाली ओढून धुरकटपणा थोडा कमी करता येतो. ठिपके मात्र कॅमेरा हलेल तसे सरकतात, चेहऱ्यावरून ते फ्रेमगणिक पुसावे लागतात आणि त्याचे बिल वेगळे येते.

अंधार पडल्यावर स्टेजचे एलईडी दिवे हेच काम करतात. दिव्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात त्याची उलटी प्रतिमा दिसली तर ती बहुधा सेन्सर आणि फिल्टर यांच्यात उसळलेल्या प्रकाशाची असते. फिल्टर काढून पाहा. रात्री त्याची गरजही नसते.

— लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे दोघे, मानेवाडा, नागपूर