पाण्याच्या नमुन्यासाठी हट्ट धरणाऱ्या मॅडमना

सप्रेम नमस्कार मॅडम,

तेलाच्या विहिरीचं उत्पादन घसरलं, चोक (प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावर आत क्षाराचे पांढरट खडे निघाले, की उत्पादन विभागात पहिलं नाव निघतं ते खडे विरघळवणाऱ्या ॲसिडचं. तुम्ही मात्र दर वेळी आधी दोनच गोष्टी विचारता: खडा नेमका कुठे सापडला, आणि पाण्याचा नमुना कसा घेतला? प्रयोगशाळेतल्या तुमच्या या हट्टामुळे किती विहिरी उगाच ॲसिड पिण्यापासून वाचतात, हे सगळ्यांना कळावं म्हणून हे उघड पत्र.

आधी खड्याचं. त्यावरचं तेल टोल्यूइनने धुऊन, खडा वाळवून मगच सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकायचे, हा तुमचा क्रम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. तेलाचा पातळ पापुद्रा राहिला तर चांगला कार्बोनेटसुद्धा फसफसत नाही आणि निदान चुकतं. फसफसला तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे किटलीच्या बुडाला धरतो तोच क्षार. ढिम्म राहिला आणि आकाराच्या मानाने जड लागला, तर बेरियम सल्फेटचा संशय, कारण त्याची घनता ४.५ च्या आसपास असते. काळा खडा निघाला तर ही चाचणी फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करायची. आयर्न सल्फाइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि घातक पातळीला नाकच बधिर होत असल्याने वासावर भिस्त ठेवता येत नाही. नुसत्या पाण्यात विरघळला तर ते मीठ. गोड्या पाण्याने धुतलं की काम झालं. जड खड्याजवळ आधी रेडिएशन मीटर धरायची सवयही तुमचीच. बेरियम सल्फेटसोबत किरणोत्सारी रेडियम-२२६ बसतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. असा खडा कोरडा खरवडून धूळ उडवणं म्हणजे ती छातीत भरून घेणं.

आता बाटलीचं, कारण खरे आभार तिथलेच. दाब कमी झाला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो आणि बायकार्बोनेटचा कार्बोनेट होऊन कॅल्शियमला धरून खाली बसतो. म्हणूनच हा थर पर्फोरेशन (तेल आत येण्यासाठी विहिरीच्या नळीला पाडलेली भोकं), ईएसपी (विहिरीत खाली बसवलेला विजेचा पंप), चोक अशा दाब पडण्याच्या जागी सापडतो. तापमान वाढलं की कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता घटते, त्यामुळे हीटरच्या नळ्याही त्यातून सुटत नाहीत. हेच सगळं नमुन्याच्या बाटलीतही घडतं! दोन दिवसांनी प्रयोगशाळेत मोजलेला पीएच त्या बाटलीचा असतो, विहिरीचा नव्हे. तो गणितात घातला तर संपृक्ततेचा निर्देशांक (क्षार खाली बसेल का हे सांगणारा आकडा) भलतंच सांगतो.

म्हणून तुमचा कागद आता प्रत्येक सेपरेटरजवळ (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीजवळ) लावलेला आहे. नमुना वाहत्या पाण्याच्या लाइनवरून, तळाच्या साचलेल्या ड्रेनमधून नाही. व्हॉल्व्ह उघडून आधी अडकलेलं पाणी वाहू द्यायचं. पीएच, तापमान आणि बायकार्बोनेट जागेवरच मोजायचं. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं पाणी दोन बाटल्यांत. एकीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली, कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि लोहासाठी. दुसरी ॲसिडविना, तोंडापर्यंत भरलेली, क्लोराइड आणि सल्फेटसाठी. गाळण्याआधी ॲसिड घातलं तर तरंगणारे कार्बोनेटचे कण आणि गंज दोन्ही विरघळतात, आणि जे आधीच खाली बसलंय तेच विरघळलेलं म्हणून अहवालात येतं. अहवाल नीटनेटका दिसतो, म्हणून ही चूक पकडणं अवघड. बेरियम आणि सल्फेट दोन्ही असलेलं पाणी तर बाटलीतही स्केल (क्षाराचा थर) टाकत राहतं. त्याचा वेगळा नमुना गाळल्याबरोबर अल्कधर्मी ईडीटीएच्या (धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) स्थिरीकरण द्रावणात घ्यायचा, ही ओळ तुम्ही लाल शाईत लिहिलीत ते बरं केलंत.

तेल ढकलण्यासाठी समुद्राचं पाणी जमिनीखाली सोडलं जातं तिथे तुमचं साधं गणित फार उपयोगी पडतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट साधारण २७०० मि.ग्रॅ./लिटर. फॉर्मेशनच्या (तेल असलेल्या खडकातल्या मूळ) पाण्यात बेरियम २०० मि.ग्रॅ./लिटर धरा. विहिरीत समुद्राचं पाणी फक्त ५ टक्के शिरलं, तर मिश्रणात बेरियम १९० आणि सल्फेट १३५. एवढ्या बेरियमला १३३ सल्फेट पुरतं. म्हणजे ५ टक्क्यांतच जवळजवळ सगळं बेरियम खाली बसू शकतं: लिटरमागे सुमारे ३२० मि.ग्रॅ., आणि दिवसाला ५०० घनमीटर पाणी असेल तर १६० किलो. सगळं ट्यूबिंगलाच (तेल वर आणणाऱ्या नळीला) चिकटत नाही, पण थोडं चिकटलं तरी पुरे. उत्तर समुद्रातल्या मिलर क्षेत्रात एका विहिरीचं उत्पादन स्केलमुळे २४ तासांत दिवसाला ३०,००० बॅरलवरून शून्यावर आलं होतं. म्हणून समुद्राचं पाणी पोहोचायच्या आधीच बेरियमचा अंक हातात असावा लागतो.

थर बसलाच, तर कार्बोनेटचा हिशेब सोपा. १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १ घनमीटर साधारण २२० किलो कार्बोनेट विरघळवतो. मात्र आधी सॉल्व्हंटची धुलाई, ॲसिडमध्ये गंजरोधक आणि लोह धरून ठेवायला सायट्रिक ॲसिड. बेरियम सल्फेटला हे ॲसिड शिवतही नाही. तिथे पीएच १२ च्या आसपासचं, गरम डीटीपीए (ईडीटीएसारखंच धातू धरणारं रसायन), तेही तासन्‌तास भिजवून. नळी पूर्ण बुजली असेल तर द्रावण पोहोचणारच कुठे? मग मिलिंग (यंत्राने घासून काढणं) किंवा जेटिंग (जोरदार फवाऱ्याने फोडणं), दुसरा इलाज नाही.

स्क्वीझबद्दल, म्हणजे स्केल रोखणारं रसायन (इनहिबिटर) विहिरीतून खडकात दाबून भरण्याबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण तिथे तुमचा धाक सर्वांत कामी आला. प्रीफ्लश (आधीची धुलाई), मग ५ ते २० टक्के इनहिबिटरचं द्रावण, ओव्हरफ्लश (ते खडकात आत ढकलणारं पाणी), १२ ते २४ तास विहीर बंद, मग हळूहळू परत सुरू, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कॅल्शियम जास्त असलेल्या गरम पाण्यात फॉस्फोनेट (नेहमीचा इनहिबिटर) स्वतःच साका होऊन बसतं, आणि पर्फोरेशन बुजवणारा पदार्थ आपणच पंप केलेला असतो. तुमची बाटलीतली सुसंगतता चाचणी झाल्याशिवाय टँकर हलत नाही, हे योग्यच. पुरवठादाराच्या पत्रकातला इनहिबिटरच्या किमान मात्रेचा आकडा जसाच्या तसा न घेण्याचाही आग्रह तुमचाच. विहिरीतल्या समुद्राच्या पाण्याचा वाटा बदलला की ती मात्राही बदलते. काल ५ मि.ग्रॅ./लिटर पुरत होतं म्हणून आज पुरेलच असं नाही. शिल्लक इनहिबिटरसोबत बेरियम आणि सल्फेटही त्याच दिवशी मोजायचं ते याचसाठी. इनहिबिटर पुरेसं दिसत असूनही बेरियम अपेक्षेपेक्षा खाली गेलं, तर ते वाटेतच कुठेतरी बसतंय.

इनहिबिटर सतत सोडलं जातं त्या विहिरींत कॅपिलरीचं (ते नेणाऱ्या बारीक नळीचं) टोक ईएसपीच्या इनटेकखाली (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाखाली) नेण्याची तुमची सूचनाही मान्य झाली आहे. पंपाच्या वर औषध सोडून पंप वाचत नाही, हे पटवायला तुमची दोन पानं पुरली.

स्क्वीझनंतरच्या परतीच्या पाण्याचे नमुने सोमवारी निघतील. लेबलवर तारीख, वेळ, चोकचा आकार आणि गाळल्याची नोंद असेल.

मनःपूर्वक आभार.

आपले,
उत्पादन विभागातील सहकारी