लघवीच्या गोळीची वेळ बदलणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तोंडावर सांगायला गेलो की शब्द फुटत नाहीत, म्हणून लिहून काढतोय.

हृदय कमजोर आहे हे मला पहिल्याच ॲडमिशनला कळलं होतं. पायांना सूज, आडवं झालं की धाप, मग ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन, शिरेतून औषध. सूज उतरली की डिस्चार्ज आणि हातात कागद. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर लगेच या. मीठ कमी खा. उशीला उशी लावून झोपा. सल्ला बरोबरच आहे हो, पण ज्याला एक उशी नाही त्याने वजनकाटा कुठून आणायचा? पत्त्याच्या रकान्यात ‘बेघर’ असं त्यांनीच तर लिहिलं होतं! थोड्या दिवसांनी परत तोच वॉर्ड, आणि फाइलवर शेरा: औषधं नियमित घेत नाही.

का घेत नाही, हे तुम्ही विचारलंत. तेही आडून आडून नाही. पेन खाली ठेवलंत आणि झोप लागते का विचारावं तितक्या सहज म्हणालात, “गोळी घेतल्यावर लघवीला कुठे जाता, काका?” आणि मी बोलेपर्यंत थांबलात.

ती गोळी तासाभरात काम सुरू करते आणि पुढचे पाच-सहा तास माणसाला बसू देत नाही. घ्यायची सकाळी आठला. तेव्हा निवाऱ्यातून बाहेर काढलेलं असतं, सार्वजनिक संडासाला कुलूप, आडोशाला गेलं तर शिव्या. ओल्या कपड्यांत दिवस काढण्यापेक्षा सुजलेले पाय परवडले. पण असलं स्वतःहून कोण कुणाला सांगतं?

डॉक्टरांशी बोलून तुम्ही वेळ दहाची केलीत, दिवसा बसायचं केंद्र उघडतं तेव्हाची. तिथला संडास उघडा असतो. वजन तुमच्याकडच्या काट्यावर. तेव्हापासून खाट अडवलेली नाही. वॉर्डातल्यांनी जीव वाचवला, ते उपकार आहेतच. गोड बोलणारेही पुष्कळ भेटले. पण समोरच्याला न लाजवता त्याची अडचण काढून घेणारं माणूस विरळा.

तुमची बदली होणार असं ऐकतोय. जाण्याआधी नव्या सिस्टरना सांगून जा, माझ्या केसपेपरवर दहा का लिहिलेत ते. नाहीतर त्या परत आठ करतील.