'दुआ' संस्कृतातून गेलेला नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील एका लेखात, इंडोनेशियात दोनला 'दुआ' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'द्वि'पासूनच तिकडे गेला, असे ठामपणे लिहिले आहे. मुंबईच्या गोदीत मी तीस वर्षे टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारा कारकून, होतो. फिलिपिनो खलाशी खोकी मोजताना 'इसा, दलावा, तत्लो' म्हणत, ते कानात बसले आणि तेव्हापासून मला या आकड्यांचा नाद लागला, म्हणून हा खुलासा.

'दुआ' हा ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळाचा स्वतःचा शब्द आहे. या कुळात सुमारे १,२०० भाषा असून त्या तैवानपासून न्यूझीलंडपर्यंत आणि मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरल्या आहेत. दोनला हवाईत 'लुआ' म्हणतात, तर न्यूझीलंडच्या माओरी भाषेत 'रुआ'. पण निर्णायक साक्ष मिळते ती तैवानमध्ये, जिथून हे भाषिक समाज दक्षिणेकडे निघाले असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील बुनुन लोक दोनला 'दुसा' म्हणतात आणि आमिस लोक 'तुसा'. मूळ शब्दातला हा मधला 'स' दक्षिणेकडच्या भाषांत गळून गेला, तेव्हा कुठे तो 'द्वि'सारखा ऐकू येऊ लागला.

शिवाय एखादा शब्द जुळला म्हणून नाते ठरत नाही, आकड्यांची ओळच्या ओळ जुळावी लागते. पाचला मलय (इंडोनेशियाची भाषा हे हिचेच रूप), फिलिपिन्सची टागालोग आणि हवाईयन या तिन्ही भाषांत 'लिमा'च म्हणतात, माओरीत 'रिमा' आणि मादागास्करच्या मलागासीत 'दिमी'. हवाईयनमध्ये 'लिमा' म्हणजे हातसुद्धा, कारण मुळात हाताच्या नावावरूनच पाचाचे नाव पडले. (आपल्याकडे उलटे घडले: फारसी 'पंज' म्हणजे पाच, त्यावरून हाताचा 'पंजा'.) मलयमधला नऊ, 'सेम्बिलान', म्हणजे दहातून एक काढून घेतलेला, ज्यांच्या तोंडी रोज 'एकोणीस' आणि 'एकोणतीस' असतात, त्या मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

लेखकाचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही, आणि अशी गल्लत थोरांकडूनही झाली आहे. संस्कृतचे गाढे अभ्यासक फ्रान्झ बोप यांनी १८४१ साली मलय-पॉलिनेशियन भाषांचे (याच कुळाची तैवानबाहेरची शाखा) इंडो-युरोपीय भाषांशी नाते जोडून दाखवण्याचा प्रयत्न केला होता, जो पुढे टिकला नाही. उलट डच अभ्यासक हाद्रियान रेलांड यांनी त्याआधी, १७०८ सालीच, मलय, मलागासी आणि पॅसिफिक बेटांवरील भाषा यांतले साम्य अचूक हेरले होते.

संस्कृतचा खरा ठसा दाखवायचाच असेल तर मलयमधला 'जुता' हा शब्द दाखवावा. तो आपल्या 'अयुत'पासून आला. आपल्याकडे अयुत म्हणजे दहा हजार, तिकडे जुता म्हणजे दहा लाख. एक ते दहा हे आकडे त्या लोकांच्या घरचे आहेत आणि मोठ्या संख्यांची काही नावे मात्र भारताशी आलेल्या संबंधातून तिथे रुजली. पुढील पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गोदी कर्मचारी, माझगाव, मुंबई