हेड गॅसकेट का गेलं, त्याचं उत्तर

आल्बुकर्की, न्यू मेक्सिको

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "हेड गॅसकेट गेलं ते कळलं, पण का गेलं?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि बोलणं तिच्या गुडघ्यांवर गेलं. म्हणून सविस्तर लिहिते. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात तुमचा जन्म गेला, तुम्हाला काही सोपं करून सांगायची गरज नाही.

गाडी फोटोत पाहिलीच आहे तुम्ही. १९९२ चा जपानी पिकअप, २.४ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, खालचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्या ओढाताणीत दोघांमधला सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ गॅसकेटची परीक्षा. इंजिन ताब्यात राहिलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं, एकदा का भडकलं की संपलं. त्यात हे गाव १,६०० मीटर उंचीवर, इथे उघड्या पातेल्यात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं! गावाच्या पूर्वेला तिहेरासच्या खिंडीतून हायवे चढतो. भर उन्हात, मागे विटा भरलेल्या, अशी ती चढण चढताना काटा लालमध्ये गेला.

त्यानंतर सगळी लक्षणं तुम्ही सांगायचात तशीच. सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला गोडसर वास. कूलंट रोज कमी, पण खाली जमिनीवर थेंब नाही. इथे एक निळं द्रावण मिळतं, ते नळीत घालून रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. आमचं बघता बघता पिवळं झालं. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पाहिलं तर तीन आणि चार नंबर, शेजारी शेजारी, दोन्हींचा दाब बसलेला.

गॅरेजवाल्याने सांगितलेल्या पैशांत असा दुसरा पिकअप आला असता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गॅसकेट स्वस्तच असतं, पैसे जातात ते मजुरीत. मग घरासमोरच उघडायचं ठरवलं. बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क रेंच आणि कॉम्प्रेशन गेज पार्टच्या दुकानातून डिपॉझिट भरून आणले. वस्तू परत केली की सगळे पैसे परत. तुमच्या डेपोतल्या स्टोअरकीपरला हे ऐकवा, त्याला झोप लागणार नाही.

या इंजिनात एक गंमत आहे. हेडचे दहा बोल्ट काढले तरी हेड हलत नाही, कारण अकरावा पुढे टायमिंग चेनच्या दातेरी चाकाखाली, म्हणजे स्प्रॉकेटखाली, तेलाच्या डबक्यात दडलेला असतो. तो न काढता पहार लावून हेड फोडणारे पुष्कळ. शेजारच्या आजोबांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून स्पंजने तेल टिपून तो पहिला काढला. चेन खाली पडू नये म्हणून स्प्रॉकेटला तारेने बांधून ठेवली. हेड आम्ही दोघांनी धरून उचललं. तीन आणि चारच्या मधली गॅसकेटची पट्टी जळून आरपार गेलेली.

हेडवर सरळ पट्टी ठेवून मधल्या फटीत फिलर गेज घातला. मर्यादा ०.१५ मिलिमीटरची, वाक त्याहून जास्त, म्हणून मशीन शॉपला फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, दिलं आणि तडा आहे का तेही दाबाने तपासून घेतलं. खरा वेळ गेला तो ब्लॉक साफ करण्यात. ग्राइंडरला घासणी लावून पाच मिनिटांत होतं म्हणणारे भेटतात, पण ती धूळ तेलातून बेअरिंगला जाते. मी प्लास्टिकच्या पात्याने खरवडत बसले. बोल्टच्या भोकांतलं पाणी हवेने उडवलं, नाहीतर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकतो. नंतर बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत, ५८ फूट-पाउंडांपर्यंत. तुमच्या भाषेत आठ किलोग्रॅम-मीटर.

आता तुमचा प्रश्न. इंजिन उघडायच्या आधीच, गरम असताना, रेडिएटरवर तापमानाची बंदूक फिरवली होती. वरचा भाग तापलेला आणि खालच्या नळ्या जवळजवळ गार. म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं, क्षार साठून नळ्या बुजल्या. नवा रेडिएटर आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. नुसतं गॅसकेट बदलून गाडी दिली असती तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच खिंडीत उभी राहिली असती. गॅरेजवाल्याच्या अंदाजपत्रकात रेडिएटरचं नावही नव्हतं, तेवढं मात्र मला खटकलं.

काढलेलं कूलंट डब्यात भरून काउंटीच्या केंद्रात दिलं. चवीला गोड असतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात. आजोबांकडे दोन आहेत.

टॅपेटची फट इंजिन गरम असतानाच लावली, इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. तिहेरास चढून आले, काटा मधोमध.

एक शंका राहिली. गॅसकेटच्या पाकिटावर छापलंय की बोल्ट पुन्हा आवळू नका. तुम्ही हजार किलोमीटर झाले की आवळायचात, ते आठवतंय. हे पाकीटवाल्याचं ऐकू की तुमचं? रविवारी फोन करते, तेव्हा आधी हे सांगा आणि मगच आईला द्या.

आईला नमस्कार. तिला म्हणावं, नखांतलं काळं अजून गेलेलं नाही.

आपली,
मंजू