३१ मे काही अचानक उगवत नाही

मा. संपादक,

जुन्या गुरुजींचे वाढदिवस १ जूनलाच का, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकायचे. त्यामुळे ५८ पूर्ण होऊन ३१ मे रोजी कितीतरी शिक्षक एकदम निवृत्त होतात. तरी जूनमध्ये शाळा भरते ती रिकाम्या खुर्चीनिशीच. घाटाकडेच्या आमच्या वाडीत पहिली ते चौथीला आता एकच बाई आहेत. शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. या बाई चारही वर्ग आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळून रात्री टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे लागणार आहे. पात्रतेबद्दल तक्रार नाही. पण अभ्यासाला वेळ कुठला? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे, मोफत केले, ते याच कोल्हापुरात. निवृत्तांची यादी जानेवारीतच काढून १५ जूनआधी बदली शिक्षक द्यावा, एवढेच मागणे.

— शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक, जि. कोल्हापूर