शिट्टी घोगरी झाली आहे म्हणालीस म्हणून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू टिन व्हिसलचे, त्या बासरीसारख्या पितळी शिट्टीचे, दोन स्वर वाजवलेस आणि "घोगरी झालीये, हल्ली वाजवत नाही" म्हणत ती बाजूला ठेवलीस. घोगरेपणाचा इलाज लिहितो. 'हल्ली वाजवत नाही' याबद्दल काही विचारायचं नाही, असं ठरवून बसलोय.

थंड नळीत गरम श्वास गेला की शिट्टीच्या तोंडाच्या फटीत पाण्याचे थेंब धरतात, त्याने आवाज बसतो. आधी मुठीत धरून ती ऊबदार कर. मध्येच अडली तर वरची चौकोनी खिडकी बोटाने झाकून जोरात फुंक. तरीही घोगरीच राहिली तर आत मळ बसलाय. प्लास्टिकचं तोंड हळूहळू पिळत काढ. घट्ट बसलं असेल तर मिनिटभर कोमट पाण्यात धर. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून धू. फटीत थोडा साबण राहिला तर बरंच, पाणी थेंब न धरता पसरतं. नळीतून काडीला गुंडाळून चिंधी फिरव. माईच्या साडीची चिंधी तुझ्या सामानात घातली होती, ती यासाठीच. पितळ काळवंडलं तर काळवंडू दे.

पण फटीत टाचणी घालू नकोस. खिडकीच्या पात्याच्या धारेवर श्वास फुटतो, सूर तिथेच जन्मतो. तिथे ओरखडा गेला की संपलं. इतकी नीट वस्तू दिली होती, महिनोन्‌महिने अशी टाकून ठेवायची?... रागावलो, माफ कर. वाजवत का नाहीस, एवढंच विचारायचं होतं. तेही विचारणार नव्हतो.

आणि उकळतं पाणी कधीच नको. तुझी पहिली शिट्टी मीच उकळत्या पाण्यात टाकली होती, तोंड वाकडं झालं. नऊ वर्षांची होतीस. रडली नाहीस. मला वाईट वाटू नये म्हणून आठवडाभर ती फाटक्या आवाजाची शिट्टी माझ्यासमोर वाजवत राहिलीस. तेव्हापासून तू काही बोलत नाहीस तेव्हा मला जास्त भीती वाटते. सहा भोकांतून दोन सप्तकं काढणारी माझी मुलगी तिथे एकटी गप्प बसून असते का, हे रात्री डोक्यातून जात नाही.

तोंड परत बसवताना खिडकी भोकांच्या रेषेत आण. सूर चढा वाटला तर तोंड जरासं बाहेर ओढ.

वाळली की फोन कर. रात्री दीड वाजला तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा